किरायाचे गाळे आणि शेतकऱ्याचा हिशेब

टेंभुर्णींत रस्त्याच्या दोहों अंगांनीं चालत गेल्यास, जेथें पूर्वीं बाभळीच्या कुंपणाआड ज्वारी उभी दिसे, तेथें आतां लोखंडी शटरांची ओळ दिसते. कांहीं गाळ्यांत चहाचीं, खताचीं, किराण्याचीं व मोबाइल-दुरुस्तीचीं दुकानें चालतात. कांहींवर ‘गाळा किरायानें देणें आहे’ अशी पाटी महिनोन्‌महिने लटकत असते. हे गाळे कोणा सावकारानें किंवा शहरांतील धनिकानें बांधलेले नाहींत. बहुतेकांचे मालक आपणांसारखेच पांच-सात एकरांचे धनी आहेत. कोणीं मोसंबीच्या एखाद्या बऱ्या सालीं उरलेली रक्कम, कोणीं मुलाच्या नोकरींतील शिल्लक, कोणीं सरकारनें घेतलेल्या जमिनीचा मोबदला, तर कोणीं सरळ एक एकर विकून आलेला पैसा त्यांत घातला आहे. एकट्या जाफराबाद तालुक्याचीच ही गोष्ट नव्हे. जिल्ह्यांतील मोठ्या गांवीं कोठेंहि गेलें तरी हाच देखावा आहे. प्रस्तुत लेखक ह्याच मालकांपैकीं एक आहे. सबब पुढील मजकूर कोणास शहाणपण शिकविण्याच्या आवेशानें लिहिलेला नसून स्वतःची वही उघडून लिहिलेला आहे.

गाळा बांधण्यामागील विचार मुळींच वेडगळ नाहीं. कापसाचा भाव आपल्या हातीं नाहीं, सोयाबीनचा तर नाहींच. मृगांत पाऊस पडला तरी तो पोळ्यापर्यंत टिकेल अशी हमी कोणी देत नाहीं. पैसा यावयाचा वर्षांतून एकदां, आणि मुलांची फी, औषधपाणी, विजेचें बिल हीं मात्र दर महिन्यास दाराशीं उभीं. ह्या दोहोंचा मेळ बसत नाहीं, म्हणून महिन्याच्या महिन्यास येणाऱ्या किरायाची ओढ लागते. शिवाय घरांत कसणारा माणूस उरला नाहीं, शटरास खुरपणी लागत नाहीं, हा विचारहि असतोच.

हें सर्व मान्य करून माझें म्हणणें असें आहे कीं, गांवांतील गाळा हा शेतीहून निराळा धंदा नव्हे. त्याच आभाळाखालीं घेतलेलें तें दुसरें पीक आहे. पिकाचा खर्च व उतारा जसा आपण मांडतों, तसा गाळ्याचा मांडला आणि त्याचा व्यवहार बोलीवर न सोडतां कागदावर आणला, तरच तो परवडतो. आपण बहुतेकजण ह्यांतील एकहि गोष्ट करीत नाहीं.

प्रथम उताऱ्याचें पाहूं. मीं २०२१ सालीं रस्त्याकडेच्या माझ्या जागेंत तीन गाळे बांधले. जागेची किंमत सोडून खर्च ९ लाख रुपये आला. निम्मे घरचे, निम्मे बँकेचे, व्याज शेंकडा ११. दर गाळ्यास महिना ३,००० रुपये किराया ठरला. सालाचे झाले १,०८,०००, म्हणजे घातलेल्या रकमेवर शेंकडा १२. हा आंकडा मीं त्या वेळीं आंतल्या भिंतीवर कोळशानें लिहून ठेविला होता व येणाऱ्या-जाणाऱ्यांस तो दाखवीतहि असें.

पहिल्या पुऱ्या वर्षाची खरी जमा पुढीलप्रमाणें निघाली. एक गाळा ५ महिने रिकामा राहिला, त्याची तूट १५,०००. दुसऱ्या गाळेकऱ्याच्या घरीं आजारपण निघालें, त्याचे २ महिन्यांचे ६,००० सोडून दिले. छताची गळती, एका शटराची स्प्रिंग व पुढील ओट्याची फरशी मिळून ११,५००. ग्रामपंचायतीचा कर व किरकोळ खर्च २,५००. हें सर्व वजा जातां उरले ७३,०००. शेंकडा १२ कोठें आणि शेंकडा ८ कोठें! त्यांतून बँकेचें व्याज ४९,५०० गेलें. हातीं राहिले २३,५००, आणि तेहि मुद्दलाचा हप्ता देण्यापूर्वींचे. माझ्या स्वतःच्या साडेचार लाखांवर हें शेंकडा ५ च्या किंचित्‌ वर पडतें. तीच रक्कम बँकेंत मुदतीनें ठेवली असती तर याहून कमी मिळालें नसतें, आणि भर पावसांत छतावर चढून डांबर ओतण्याचे श्रम वांचले असते. ह्या हिशेबांत इमारतीची झीज धरलेलीच नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं जागेची किंमत वाढते तें कां धरीत नाहीं? किंमत वाढते हें खरें. परंतु ती विकल्यावांचून हातीं येत नाहीं, आणि वडिलार्जित जागा विकावयाची नाहीं हें तर आपण आधींच ठरविलेलें असतें. तेव्हां वाढलेल्या किंमतीवर पोट भरत नाहीं. असो. मीं आतां भिंतीवरचा आंकडा पुसला आहे. नवा गाळा बांधूं पाहणाऱ्यास माझें सांगणें इतकेंच कीं वर्ष १२ महिन्यांचें न धरतां १० महिन्यांचें धरावें. एक महिन्याचा किराया दरसाल दुरुस्तीस बाजूस काढावा. आणि कर्ज एकंदर खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊं देऊं नये. एवढें करूनहि हिशेब जमत असेल तर खुशाल पाया खणावा.

विहिरीखालची जमीन विकून गाळा बांधण्याचा विचार मात्र मला सर्वथा चुकीचा वाटतो. ती जमीन वाईट सालींहि घरापुरतें धान्य व जनावरांस चारा देते. गाळा वाईट सालीं कांहीं देत नाहीं, आणि ह्याचें कारण आपण नीट लक्षांत घेत नाहीं.

गांवांतील दुकानदाराचें गिऱ्हाईक कोण? आपणच. चहा पिणारे आपण, खत उधार नेणारे आपण, मुलीच्या लग्नाचे कपडे शिवून घेणारेहि आपण. आपल्या खिशांत पैसा असेल तर त्याच्या गल्ल्यांत पडतो, आणि त्याच्या गल्ल्यांतून किराया म्हणून तोच पैसा आपल्याकडे परत येतो. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आपण वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या आहेत. २०१२-१३ सालीं आपल्या जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. टँकरचें पाणी विकत घेऊन झाडें जगविण्याची लोकांनीं शिकस्त केली, आणि जीं जगलीं नाहींत त्यांचें सरपण झालें. पुढें २०१५-१६ सालीं मराठवाड्यावर पुन्हां तीच पाळी आली, व एप्रिल २०१६ मध्यें लातूरला आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. अशा सालीं चहाच्या दुकानांतील बांकें रिकामीं पडतात, खतविक्रेत्याची उधारी थकते, शिंप्याचें यंत्र बंद असतें. ते किराया कोठून देणार? ज्या सालीं शेतांत उतारा नाहीं, त्याच सालीं गाळ्याचाहि उतारा नाहीं. संकट एक, आणि त्याच्या वाटेंत आपलीं दोन्हीं पिकें उभीं. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली तेव्हां तर शेतमाल निदान रानांत होता. पुष्कळशीं शटरें मात्र खालीं ओढलेलीं होतीं.

म्हणून ज्यांस खरोखरच शेतीहून निराळें उत्पन्न पाहिजे त्यांनीं जागा कोठें आहे यापेक्षां भाडेकरूचा पैसा कोठून येतो हें आधीं पाहावें. जालना शहरांत लोखंडी सळयांचे कारखाने आहेत. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं महिको कंपनी स्थापन केल्यापासून बियाण्यांचा धंदा तेथें वाढला. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचें मराठवाडा केंद्र २०१८ पासून तेथें आहे. अशा ठिकाणच्या खोलींत राहणारा कामगार किंवा विद्यार्थी आपल्या शिवारांतील पावसावर जगत नाहीं. तिघां भावांनीं मिळून गांवांत चार गाळे बांधण्याऐवजीं जालन्यास दोन खोल्या घेतल्या तर त्यांचा किराया दुष्काळींहि थांबण्याचा संभव कमी. अर्थात्‌ तेथें जागा महाग आहे, देखरेखीसाठीं गेल्यास दिवस मोडतो, आणि पाण्याची अडचण आहे. खोली पाहावयास आलेला माणूस भिंतींचा रंग पाहत नाहीं. नळ किती दिवसांनीं येतो हें पहिल्यानें विचारतो. बोअर व टाकी यांचा खर्च धरल्याशिवाय शहरांतील खोलीचा हिशेब करूंच नये.

मोठ्या रस्त्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांसहि दोन शब्द. समृद्धि महामार्ग आपल्या जिल्ह्यांतील जालना व बदनापूर तालुक्यांतून गेला. नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला व ५ जून २०२५ रोजीं सबंध ७०१ किलोमीटरांचा रस्ता पुरा झाला. रस्ता आला म्हणजे गाळ्यांस सोन्याचे दिवस येतील, अशी पुष्कळांची अटकळ होती. परंतु ह्या जातीच्या रस्त्यास ठराविक ठिकाणींच चढतां-उतरतां येतें; कडेच्या शेतकऱ्यास त्यावर दार उघडतां येत नाहीं. गाडी वेगानें निघून जाते, चहास थांबत नाहीं. रस्ता जवळ असणें निराळें आणि रस्त्यावर गिऱ्हाईक थांबणें निराळें.

आतां कागदाविषयीं. आमच्या भागांत किरायाचा व्यवहार बहुधा तोंडीच होतो, आणि त्यास कारण केवळ आळस नव्हे. त्यामागें एक जुनी भीति आहे. निजामी राजवट सप्टेंबर १९४८ मध्यें संपली आणि १९५० सालीं हैदराबाद राज्यांत कुळवहिवाटीचा कायदा आला. संरक्षित कूळ म्हणून ज्यांचीं नांवें नोंदलीं गेलीं त्यांस जमिनीवर हक्क मिळाले. ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची जमीन कसली त्यांच्या घरीं त्यामुळें दिवा लागला, हें योग्यच झालें. परंतु जमीनवाल्यांच्या घरांत त्या काळापासून एक समजूत वंशपरंपरेनें चालत आली आहे ती अशी कीं, कागद केला कीं कूळ लागतें. म्हणून कसणाऱ्याचें किंवा राहणाऱ्याचें नांव कोठेंहि येऊं देऊं नये. शेतजमिनीसंबंधींची ही समजूत आपण जशीच्या तशी गाळ्यास लावली आहे, आणि येथें तीच आपला घात करते.

घरें व दुकानें यांचा कायदा निराळा आहे. मराठवाड्यांत पूर्वीं १९५४ चा हैदराबादचा घरभाडे कायदा चाले. मुंबईस १९४७ चा चाले. तीं सर्व प्रकरणें मोडून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला. तो सरसकट प्रत्येक खेड्यास लागू नाहीं. अनुसूचींत ज्या क्षेत्रांचा उल्लेख आहे तेथें लागू आहे, म्हणून आपली जागा कोणत्या क्षेत्रांत येते हें वकिलास आधीं विचारावें. जेथें तो लागू आहे तेथें त्याचें ५५ वें कलम प्रत्येक मालकानें वाचावें. भाड्याचा करार लेखी असला पाहिजे, त्याची नोंदणी झाली पाहिजे, आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे, असें तें कलम सांगतें. नोंदणी नसेल तर अटींविषयीं भाडेकरू जें म्हणेल तें, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, खरें धरलें जातें. शिवाय मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हीं होऊं शकतात. म्हणजे कागद टाळून आपण ज्या संकटापासून पळूं पाहतों, त्याच्याच तोंडीं जातों. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाहीं’ असें बाजारांत ऐकूं येतें तें १९०८ च्या नोंदणी कायद्यापुरतें खरें आहे. ५५ व्या कलमापुढें तें टिकत नाहीं.

जेथें हा अधिनियम लागू नाहीं अशा खेड्यांत १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा चालतो. त्याप्रमाणें एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदलेल्या दस्तानेंच होतो, आणि महिन्या-महिन्याच्या बोलीनें दिलेली जागा सोडवून घ्यावयाची तर १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. नोटिशीनंतरहि माणूस न उठला तर दिवाणी न्यायालय आहेच, आणि तेथें पुन्हां प्रश्न येतो तो हाच कीं, किराया किती ठरला होता व कशावरून?

ह्या प्रश्नाचें उत्तर माझ्याजवळ नव्हतें. माझ्या तिसऱ्या गाळ्यांत एक तरुण मोटारसायकल-दुरुस्तीचें दुकान चालवीत असे. मुलगा कष्टाळू, ओळखीच्या माणसानें आणलेला. कागदाची भाषा काढणें मला संकोचाचें वाटलें. दोन वर्षें किराया बरा आला, मग ८ महिने थकला. २४,००० रुपयांची मागणी करतां त्यानें सांगितलें कीं किराया २,००० च ठरला होता व त्यांतले कांहीं आपण हातोहात दिले आहेत. पावती मीं कधींच दिली नव्हती. त्यावर त्यानें उलट सांगितलें कीं, पुढचा पत्रा व विजेचें तारकाम आपण पदरच्या १४,००० रुपयांनीं केलें, तें वजा करा. पत्रा त्यानें घातला होता हें खरें होतें; मीं तो रोज पाहत होतों आणि गप्प राहिलों होतों. रात्रीं शटरास आपलें कुलूप घालावें, वीज तोडावी, असे विचार माझ्या मनांत येऊन गेले, हें लपवीत नाहीं. तसें केलें नाहीं हें बरेंच झालें. कारण कायदेशीर मार्गावांचून ज्यास हुसकून दिलें असेल त्यास सहा महिन्यांच्या आंत दावा करून ताबा परत मागतां येतो, असा १९६३ चा केंद्रीय कायदा आहे, आणि भाडे नियंत्रण अधिनियम जेथें चालतो तेथें पाणी-वीज तोडणें हाहि अपराध आहे. शेवटीं गांवांतील चौघां वृद्धांनीं बसून ९,००० वर तोड काढली. तो गेला. मला तो लबाड वाटला, व त्यास मी लबाड वाटलों असेन. आणि आतां विचार करतां वाटतें कीं दोघांच्याहि म्हणण्यांत थोडथोडें खरें होतें. तें कागदावर असतें तर दोघांपैकीं कोणासहि लबाड व्हावें लागलें नसतें.

खर्चाची सबब तर अगदींच पोकळ आहे. ज्यास लोक ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणतात त्या करारावर एकंदर किरायाच्या रकमेवर शेंकडा पाव मुद्रांक शुल्क पडतें. अनामत रकमेवर सालीना शेंकडा १० व्याज धरून तेंहि त्या बेरजेंत मिळवितात. महिना ३,००० प्रमाणें ११ महिन्यांचे ३३,००० व २०,००० अनामतीवरचे सुमारें २,००० धरले तर शुल्क शंभर रुपयांच्या आंत येतें. ग्रामीण भागांत नोंदणी फी ५०० रुपये, व दस्त-हाताळणीचा किरकोळ आकार निराळा. एका महिन्याच्या किरायाच्या तिसऱ्या हिश्श्यांत सर्व काम आटोपतें. मात्र एक गोष्ट ध्यानांत असावी. मुदत संपूनहि जागा न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याचा जो शीघ्र उपाय २४ व्या कलमांत आहे, तो राहण्यासाठीं दिलेल्या जागेपुरता आहे. दुकानाच्या गाळ्यास तो मिळत नाहीं. लेखनिक हें सांगत नाहीं, व आपण विचारीत नाहीं.

कागद करावयाचाच तर तो शहरांतील छापील नमुन्याची नक्कल कां असावा? मला सुचलेली एक रीत मांडतों. गांवांतील दुकानाची विक्री सुगीनंतर, दिवाळी ते होळीच्या सुमारास होते. पेरणीपासून पोळ्यापर्यंत गल्ला रिता असतो. मग किराया बाराहि महिने सारखा कां? ३६,००० सालीना किराया असेल तर सुगीचे ४ महिने ४,५०० व उरलेले ८ महिने २,२५० असा लिहावा. बेरीज तीच, मुद्रांकहि तितकाच, आणि आषाढांत तगादा लावण्याची पाळी येत नाहीं. सावकाराकडून सुगीवर पैसे घेण्याची रीत आपल्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे; मालक झाल्यावर आपण ती विसरतों.

अनामत रकमेविषयीं माझी स्वतःची चूक सांगतों. घेतलेली अनामत ही आपली कमाई नव्हे, तें बिनव्याजी कर्ज आहे. मीं एका वर्षीं ती बी-खतांत घातली, आणि गाळेकऱ्यानें जून महिन्यांत गाळा सोडला तेव्हां परत देण्यास हातउसने घ्यावे लागले. ती निराळ्या खात्यांत ठेवावी. किरायाची पावती दर महिन्यास द्यावी. जेथें १९९९ चा अधिनियम आहे तेथें ती देणें सक्तीचेंच आहे. एकत्र कुटुंबांत पावतीपुस्तक असलें म्हणजे थोरल्यानें किती घेतलें व धाकट्यास किती पोहोंचलें हा वादहि मिटतो. गाळ्यावरून भाऊबंदकी झालेलीं दोन घरें तर माझ्या आळींतच आहेत. शेतीचें उत्पन्न आयकरांतून मुक्त आहे, किरायाचें नाहीं; घरपट्टी वजा जातां उरलेल्या किरायांतून दुरुस्ती वगैरेकरितां सरसकट शेंकडा ३० सूट मिळते. लहान मालकास बहुधा कर पडत नाहीं, पण विवरणपत्रांत तो दाखवावा.

खोली मागावयास आलेल्या माणसास आधीं आडनांव विचारावयाची जी रीत शहरांतून आपल्याकडे शिरली आहे, तिचाहि येथें निषेध करतों. माणुसकीची गोष्ट तर आहेच, परंतु नुसत्या व्यवहारानें पाहिलें तरी दहा गिऱ्हाइकांतून सहा परत पाठवून जो गाळा रिकामा ठेवतो तो दुकानदारी जाणत नाहीं.

जागेच्या कागदपत्रांबद्दल थोडक्यांत : ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा हा कर-आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणांतील घरांसाठीं एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेखालीं मिळकत-पत्रिका देण्याचें काम सुरू झालें, ती मिळाली असल्यास जपून ठेवावी. शेतांत गाळे बांधावयाचे तर तलाठ्याच्या तोंडी होकारावर विसंबूं नये. आणि रस्त्याच्या मध्यापासून किती अंतर सोडावयाचें हें सार्वजनिक बांधकाम खात्याकडून लेखी घ्यावें. रस्ता रुंद होतांना ज्यांचे ओटे सरकारी हद्दींत निघतात, त्यांस मोबदला मागावयास तोंड राहत नाहीं.

आपल्या संस्थेनें ह्या कामीं थोडें पुढें व्हावें, अशी माझी सूचना आहे. आपण बियाण्याची उगवणशक्ति तपासून देतों, माती-परीक्षणाचे नमुने पाठवितों. मग सुगीवारी किरायाच्या कराराचा एक साधा मराठी मसुदा वकिलाकडून तपासून कां ठेवूं नये? शिवाय सभासदांच्या गाळ्यांची एक वही ठेवावी : किती गाळे, किती महिने रिकामे, खरा किराया किती. ही वही असती तर २०२१ सालीं मीं तीन गाळे बांधले नसते. एकच बांधला असता, आणि उरलेल्या पैशांत विहिरीचा गाळ काढला असता. ज्या गांवांत आधींच दहा शटरें रिकामीं आहेत तेथें अकरावें बांधण्यास कर्जाची शिफारस देण्यापूर्वीं संस्थेनें ती वही उघडावी. पुढील सर्वसाधारण सभेंत मी हा विषय मांडणार आहें.

माझा तो तिसरा गाळा पोळ्यापासून रिकामा होता. गेल्या आठवड्यांत बचतगटांतील एक बाई शेवयांचें यंत्र बसविण्यासाठीं तो पाहावयास आल्या. त्यांनीं भिंतीची ओल पाहिली, विजेचा भार किती तें विचारलें, पुढचा पत्रा कोणाचा याची चौकशी केली, आणि किरायाचा आंकडा काढण्यापूर्वींच म्हणाल्या, “काका, कागद करणार असाल तरच घेतें. मागच्या ठिकाणीं तोंडी होतें, यंत्र उचलून दोनदां बिऱ्हाड हलवावें लागलें.” सुगीचे चार महिने जास्त व पावसाळ्यांत कमी हें त्यांस लगेच पटलें, फक्त लग्नसराईचा वैशाख त्यांच्या धंद्याच्या सुगींत धरावा व भाद्रपद गाळावा, एवढी दुरुस्ती त्यांनीं सुचविली. येत्या सोमवारीं आम्ही दोघे जाफराबादेस दुय्यम निबंधकाच्या कचेरींत जाणार आहों.